घरी आर्केड मशीन बनवायची आहे, सुरुवात कुठून करू? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इकडचे पोट्टे आणि त्यांच्यापेक्षा मोठी हौशी माणसंसुद्धा मला हेच प्रश्न विचारत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. तालुक्याच्या बाजारात जे भेटते त्यातून, आपल्या उन्हात आणि आपल्या लाईनीवर चालणारी मशीन कशी बनवायची, एवढाच विषय आहे. सुतारकाम, वायरिंग, कॉम्प्युटर यातलं काहीच येत नसलं तरी चालते.

आर्केड मशीन म्हणजे नेमकी कोणती?

एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नाहीतर जत्रेत जी उभी लाकडी पेटी राहायची तीच. वर स्क्रीन, खाली दांडी आणि बटनं, नाणं टाकलं की खेळ सुरू. आपल्याकडे ज्याला सगळे मुस्तफा म्हणतात तो खेळ म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. जुन्या मशीनमध्ये प्रत्येक खेळाचा वेगळा बोर्ड राहायचा, आता साध्या कॉम्प्युटरमध्ये मेम नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की तो कॉम्प्युटर त्या जुन्या बोर्डासारखा वागतो. मेम पहिल्यांदा १९९७ मध्ये आलं आणि फुकट आहे. म्हणून घरच्या मशीनमध्ये पेटी, दांडी आणि बटनं आपली, आतमध्ये एक छोटा कॉम्प्युटर, बस.

उद्या तालुक्याला चाललोच आहे, तं प्लाय घेऊन येऊ का?

नका आणू, प्लाय सगळ्यात शेवटी. मी सगळ्यांना हेच सांगतो की आधी कंट्रोल पॅनल बनवा, म्हणजे दांडी आणि बटनं बसवलेली नुसती एक फळी, ती कॉम्प्युटरला जोडा, कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला लावा, फळी टेबलावर नाहीतर खाटेवर ठेवा आणि चांगला महिनाभर घरच्या सगळ्यांनी खेळा, मग पेटीचा विचार करा. काहून, तर खेळणाऱ्याच्या हाताला फक्त दांडी आणि बटनंच लागतात, पेटी कितीही भारी बनवली पण बटनं चुकीच्या जागी बसली तर आठ दिवसांनी त्या मशीनकडे कोणी फिरकत नाही. फळीवर खेळलं की आपोआप कळते, दोघांची कोपरं एकमेकाला लागतात का, मनगट कुठं दुखते, तुमच्या घरात मारामारीचे खेळ जास्त चालतात का पॅकमॅन. हे कळल्यावर कापलेला प्लाय वाया जात नाही. आणि पुढं पेटी झालीच नाही, पैसे नाही जमले, तरी ती फळी कामाचीच राहते, टीव्हीसमोर ठेवली की खेळ सुरू.

त्या फळीसाठी सामान काय लागते?

ऑनलाईन 'दोन खेळाडूंचा आर्केड किट' म्हणून भेटते, त्यात दोन दांड्या म्हणजे जॉयस्टिक, बटनं, वायरी आणि दोन छोटे यूएसबी बोर्ड येतात, त्या बोर्डांना झिरो डिले एन्कोडर म्हणतात. बोर्डाचं काम एवढंच की बटन दाबलं हे कॉम्प्युटरला सांगायचं, कॉम्प्युटरला वाटते गेमपॅड लावला आहे. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कुरिअर गावापर्यंत येत नसेल तर तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता टाका. नागपूरला जाणं होत असेल तर सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत बटनं, कनेक्टर, एसएमपीएस (घरची वीज कमी व्होल्टची करून देणारा डबा) हातात घेऊन पाहता येतात.

सुरुवातीला साधाच किट घ्या. सानवासारख्या जपानी कंपनीच्या दांड्या आणि बटनं खरंच चांगली आहेत, पण हात बसल्यावर घेतली तर फरक समजते, आधी घेऊन उपयोग नाही. बटनं पुढं कधीही बदलता येतात.

एका खेळाडूला किती बटनं ठेवू?

सहा, वरून एक स्टार्ट आणि एक कॉईन. आता हिशेब पहा. पॅकमॅनला (१९८०) बटनच लागत नाही, फक्त दांडी. मुस्तफाला दोन, एक मारायचं एक उडीचं. मेटल स्लगला (१९९६) तीन, गोळी, उडी, बॉम्ब. स्ट्रीट फायटर टू ला (१९९१) मात्र पूर्ण सहा, तीन बुक्क्यांचे आणि तीन लाथांचे. म्हणून सहात सगळं बसते. काही जण आठ-आठ बटनं लावतात, त्यातली दोन कायम नुसती बसून राहतात आणि लहान पोट्ट्यांना समजत नाही कोणतं दाबायचं. तुमच्या घरात फायटिंग कोणी खेळणारच नसेल तर चारच लावा, फळी सुटसुटीत दिसते.

दांडीबद्दल एक गोष्ट. पॅकमॅन आणि डाँकी काँग हे चार दिशांच्या दांडीचे खेळ आहेत, आठ दिशांच्या दांडीवर वळणावर बोट तिरपं जाते आणि आपला गडी अडकतो. काही दांड्यांच्या खाली प्लास्टिकची चौकट राहते, ती फिरवली की दांडी चार दिशांची होते. घेतानाच हे विचारून घ्या.

भोकं कशी पाडू? माझ्याजवळ ड्रिल मशीन पण नाही.

गावातल्या सुताराजवळ दरवाजाला गोल कुलूप बसवायचे होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) राहतात, नाहीतर छतात गोल लाईट बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनजवळ. तेच चालतात. जपानी पद्धतीची मोठी बटनं ३० मिलिमीटरच्या भोकात बसतात, स्टार्ट-कॉईनची छोटी २४ च्या, आणि अमेरिकन पद्धतीच्या बटनांना साधारण २८ चं भोक लागते. किट हातात आल्याशिवाय एकही भोक पाडू नका. आल्यावर आधी रद्दी तुकड्यावर एक पाडा, बटन टाकून पहा, मगच खऱ्या फळीवर.

भोक वरून एका दमात आरपार पाडलं तर खालून प्लायच्या सालपट्या निघतात. आधी बारीक बिटनं मधोमध आरपार छिद्र करायचं, मग होल सॉ वरून अर्ध्यापर्यंत आणि उलटवून खालून अर्धा, कडा साफ निघते.

फळीची जाडी हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा आहे. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये दांडी बसवली की वर पकडायला फार थोडी उरते, म्हणून फळी १२ ची घ्या आणि दांडीची जागा खालून पटाशीनं थोडी खोल करून घ्या. बटनं पण आट्याची घ्या, खालून नट कसायची. दाबून बसवायची खटक्याची बटनं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकडात ती धरत नाहीत, आठ दिवसांत वर येतात.

बटनांची जागा ठरवायला पेन्सिल-पट्टीपेक्षा चांगला उपाय म्हणजे कोऱ्या कागदावर हात सैल ठेवायचा आणि बोटं नैसर्गिक जिथं पडतात तिथं खुणा करायच्या. बोटं सरळ रेषेत पडत नाहीत, थोडी कमानीत पडतात, बटनं पण तशीच कमानीत ठेवा.

वायरिंगची भीती वाटते, करंट लागेल का?

बटनांच्या वायरिंगमध्ये करंट लागत नाही, ते यूएसबीचे ५ व्होल्ट आहेत, बिनधास्त हात लावा. भीती ठेवायची ती फक्त २३० व्होल्टच्या जागी, म्हणजे प्लग, एसएमपीएस, मॉनिटरची पिन. तिथलं काम ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्या, तीन पिनचा प्लग लावा आणि घरात अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. खेड्यात बऱ्याच घरी तिसरं भोक नुसतं नावाला राहते.

बटनाखाली छोटा मायक्रोस्विच राहते. त्याला दोनच पाय असतील तर दोन वायरी कशाही लावा. तीन पाय असतील तर त्यावर कॉम, एनओ, एनसी लिहिलेलं राहते, आपल्याला कॉम आणि एनओ पाहिजे. चुकून एनसीला लावलं तर हात न लावताच बटन दाबलेलं दिसते आणि दाबलं की सुटते. ही खूण लक्षात ठेवा, कारण असं झालं की लोक बोर्ड खराब आहे म्हणून वापस पाठवतात आणि बोर्ड चांगला राहते. लाईट लागणाऱ्या बटनात मात्र लाईटच्या दोन पायांना प्लस-मायनस आहे, ते उलटं लागलं तर लाईट पेटत नाही.

दांडीचे चार स्विच पाहून अनेकांचा गोंधळ होते. दांडी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट्या बाजूला जाते, म्हणून वरच्या दिशेचा स्विच खाली राहते आणि डावीकडचा उजवीकडे. खेळात दिशा उलट्या झाल्या तर वायरींची अदलाबदल करा, दुसरं काही बिघडलेलं नाही.

दोन्ही बोर्ड सारखेच असले की कॉम्प्युटरला दोघांचं नाव सारखंच दिसते, मग कधी कधी मशीन बंद-चालू केली की पहिला खेळाडू दुसरा होऊन जाते. दोन्ही वायरी नेहमी त्याच-त्याच यूएसबी पोर्टात ठेवायच्या, पोर्टाजवळ १ आणि २ लिहून टाका.

कॉम्प्युटर कोणता? सगळे रास्पबेरी पाय सांगतात.

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, तो चांगलाच आहे, त्याच्या पाय ४ या मॉडेलवर ऐंशी-नव्वदच्या दशकातले बहुतेक खेळ मस्त चालतात, आकार लहान, वीज कमी. पण खेड्यात राहणाऱ्याला मी आधी जुना ऑफिसचा कॉम्प्युटर सांगतो, आय-थ्री आणि ४ जीबी रॅम असला तरी भरपूर झालं. तो बिघडला तर तालुक्याचा कॉम्प्युटरवाला त्याच दिवशी दुरुस्त करून देते, पायचा बोर्ड गेला तर नवीनच मागवावा लागते. जुन्या कॉम्प्युटरला व्हीजीएची वायर थेट लागते, म्हणजे जुना मॉनिटर पण धकून जाते, पायला मध्ये कन्व्हर्टर लागते.

सॉफ्टवेअर बॅटोसेरा वापरा, ती जुने खेळ चालवायची तयार सिस्टीम आहे. पेनड्राइव्हवर टाकायचं, कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून चालू करायचा, आतल्या हार्डडिस्कला हात लागत नाही, पेनड्राइव्ह काढला की घरचं विंडोज जसंच्या तसं. पाय घेतलाच तर रेट्रोपाय किंवा रीकलबॉक्स पण आहेत. आणि पाय ४ ला मोबाईलचा चार्जर लावू नका, त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर पाहिजे. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं की समजायचं व्होल्टेज कमी पडून राहिलं.

स्क्रीन कोणती लावू? घरी जुना डबा टीव्ही पडून आहे.

जुने खेळ ४:३ आकाराचे आहेत, म्हणून ऑफिसातून निघालेला १७ नाहीतर १९ इंची चौकोनी मॉनिटर सगळ्यात चांगला बसते. त्याच्या मागं चार स्क्रूची भोकं राहतात, बहुतेक १०० मिलिमीटर अंतरावर, त्यातून लाकडी पट्टीवर सरळ कसता येते. घेताना एक पहा, असे काही मॉनिटर खालून पाहिलं की काळपट दिसतात, म्हणून दुकानातच उभं राहून, बसून, दोन्ही बाजूंनी पाहून घ्या. रुंद टीव्ही लावला तर चित्र ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा, नाहीतर बटन दाबल्यावर गडी उशिरा हलते.

डबा टीव्हीवर जुने खेळ फारच सुंदर दिसतात, मला स्वतःला तेच चित्र आवडते. पण त्याचं मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट राहतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसेच साठून राहतात. टीव्ही वापरायचाच असेल तर झाकणासकट पूर्ण टीव्ही पेटीत ठेवा आणि मागं हवेला जागा सोडा.

खेळ कुठून आणायचे? कोणी पेनड्राइव्ह भरून दिला तर चालते का?

मेम कायदेशीर आहे, पण खेळ ज्या त्या कंपनीच्या मालकीचे आहेत, असे भरून मिळणारे पेनड्राइव्ह कायदेशीर नाहीत. मेमच्या साईटवर काही जुने खेळ मालकांच्या परवानगीनं फुकट ठेवले आहेत, ग्रिडली, रॉबी रोटो, सर्कस, स्टार फायर असे, बटनं तपासायला ते भरपूर आहेत. कॅपकॉमचे जुने मारधाडीचे खेळ विकत घेता येतात, २०१८ मध्ये त्यांनी फायनल फाईट, कॅप्टन कमांडो, नाईट्स ऑफ द राउंड असे सात खेळ एकत्र काढले, ते विंडोज कॉम्प्युटरवर चालतात. त्यात मुस्तफा नाही. तो खेळ एका अमेरिकन कॉमिकवर बनलेला, हक्क दुसऱ्याचे.

खेळ टाकला पण चालू होत नाही, फाईल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. झिप फाईल उघडायची नाही, तशीच ठेवायची, हे पहिलं. दुसरं, मेमच्या प्रत्येक आवृत्तीला त्याच आवृत्तीचा फाईल-संच लागते, जुन्या संचातला खेळ नव्या मेमवर चालेलच असं नाही. तिसरं, मेटल स्लगसारख्या, निओ जिओ नावाच्या जुन्या मशीनच्या खेळांना शेजारी निओजिओ नावाची बायोस (म्हणजे त्या मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) झिप पाहिजे, ती नसली की काळी स्क्रीन.

पेटीला प्लाय, एमडीएफ का सागवान?

प्लाय, १८ मिलिमीटर. एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) कापायला सोपा आणि कडा गुळगुळीत येते हे खरं, पण पावसाळ्यात आपल्या घरांतली ओल, शेणानं सारवलेली जमीन, फरशी पुसलेलं पाणी, हे खालच्या कडेला लागलं की एमडीएफ फुगते आणि वापस बसत नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान नावाजलेलं आहे म्हणून कोणी कोणी तेच वापरायचं म्हणते, पण एवढ्या रुंद फळ्या जोडूनच कराव्या लागतात आणि महाग पडते. जुन्या दरवाजाच्या, खाटेच्या सागवानी पट्ट्या घरात असतील तर त्या आतल्या फ्रेमला वापरा, तिथं त्या फार छान कामी येतात.

पेटीचं माप सांगा ना.

प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. पूर्ण उभी पेटी साधारण पावणेसहा फूट उंच राहते. दोन्ही बाजूच्या फळ्या ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त खोल ठेवल्या नाहीत तर दोन्ही एकाच शीटमधून निघतात, दुसऱ्या शीटमधून मागचं, सामोरचं, वरचं सगळं. हे आधी कागदावर मांडा, नाहीतर तिसरी शीट आणायला वापस टेम्पो करावा लागते. दोघांना खेळायला रुंदी किमान दोन फूट पाहिजे, अडीच असली तर मजा. कंट्रोल पॅनलची उंची जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर, पण हे उभ्यानं खेळणाऱ्या मोठ्या माणसाचं माप आहे. घरात लहान पोट्टे जास्त असतील तर त्यांना पाटावर उभं करण्यापेक्षा टेबलावर ठेवायची अर्धी पेटीच बनवा. ती एका शीटमध्ये होते, जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकून मस्त बसते, आणि खुर्चीवर बसून आजीलाही खेळता येते.

कापायच्या आधी कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाजूच्या फळीचा पूर्ण मापाचा साचा काढा, भिंतीला टेकवून पहा, सामोर उभे राहा. पटला की साचा सुताराला द्या. त्याला म्हणावं दोन्ही फळ्या एकावर एक कसून घासा, म्हणजे कडा तंतोतंत एकसारख्या येतात. आपले सुतार हे काम फार चांगलं करतात, त्यांना फक्त चित्र नाही तर हातात साचा पाहिजे.

उन्हाळ्यात चालेल का?

चालते, पण हवा खेळली पाहिजे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला बाहेर ४५ डिग्री असते, मग बंद पेटीत काय होत असेल. रास्पबेरी पाय ८० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करते आणि खेळ अडखळते. मागच्या बाजूला खाली हवा यायला भोकं आणि वर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, गरम हवा वरून बाहेर फेकणारा, एवढं पुरते. कूलरच्या सरळ समोर मशीन ठेवू नका, त्या हवेसोबत ओल जाते आणि कनेक्टरला गंज चढते.

लाईन सारखी जाते, त्याचं काय?

खेळ चालू असताना लाईन गेली तर पायचं एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह बिघडू शकते. सगळं सेट झालं की त्याची एक कॉपी दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून डब्यात ठेवा, हे टाळू नका. कॉम्प्युटरला यूपीएस लावा किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनीवर घ्या. बंद करताना मेनूतून शटडाऊन, मग बटन, हे घरच्या सगळ्यांना शिकवा. व्होल्टेज खूप वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर.

उंदीर, उधई?

पेटीच्या सगळ्या हवेच्या भोकांना आतून लोखंडी बारीक जाळी, वायरी जमिनीवर लोंबू द्यायच्या नाहीत. उधईसाठी पेटी जमिनीवर सरळ टेकवू नका, रबरी बूट नाहीतर चाकं लावा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि तळाला उधईचं औषध मारून मगच रंग. ज्या खोलीत कापूस भरून ठेवता तिथं मशीन अजिबात नको. पंखा कापसाचं तुस ओढून आत भरते, आणि कापसाच्या गंजीजवळ रात्रंदिवस विजेचं सामान चालवणं धोक्याचं आहे.

आवाज आणि सजावट?

जुने कॉम्प्युटर स्पीकर खोलून आत बसवले की झालं. वरच्या नावाच्या पट्टीला दुधी ॲक्रिलिक, मागं १२ व्होल्टची एलईडी पट्टी. बाजूची चित्रं तालुक्याचा फ्लेक्सवाला विनाइल स्टिकरवर छापून देते, त्याला मोठ्या आकाराची साफ फाईल द्या. कंट्रोल पॅनलवर सनमाईका लावा, घामाचे आणि चिवड्याचे हात पुसायला सोपं जाते.

ताई विचारते, गावात एक रुपया घेऊन खेळू देता येईल का?

घरी ठेवा, शेजारच्या पोरापोरींना फुकट खेळू द्या. पैसे घेतले की ते व्हिडिओ गेम पार्लर झालं, त्याला वेगळा परवाना लागते, आणि खेळांच्या मालकांची परवानगी नसताना तर नाहीच.

तिघांना एकत्र खेळता येते का?

मुस्तफा तिघांचाच खेळ आहे, पण तीन दांड्यांना पॅनल साडेतीन फुटांच्या आसपास जाते आणि मग ती पेटी दरवाजातून आत येत नाही, दरवाजा आधी मोजा. त्यापेक्षा पेटी दोघांची ठेवा, बाजूला एक यूएसबी पोर्ट बाहेर काढा आणि तिसऱ्याला गेमपॅड द्या.